शाफान, अखबोर, हुल्दा: वंशावळीतली हिब्रू नावं कशी वाचायची

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचंच, असा निश्चय करून बसलेली माणसं साधारण तीन ठिकाणी गळतात. काही लेवीयमध्ये, काही गणनामध्ये, आणि जे चिकट ते १ इतिहासात, म्हणजे ‘इतिहास’ नावाच्या पहिल्या पुस्तकात. तिथे सलग नऊ अध्याय नुसती नावं आहेत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचे मुलगे चार. मंडळीत हा उतारा वाचायची पाळी आली की वाचणारा घसा खाकरतो, पहिल्या पाच नावांना अडखळतो आणि पुढची भराभर गिळून टाकतो.

याच्या उलट दुसरं टोक आहे. प्रत्येक नावामागे गुप्त संदेश दडलाय असं मानून कुठल्याशा ‘नावांचे अर्थ’ यादीतून अर्थ उचलायचे आणि त्यांची माळ ओवायची. मला विचाराल तर गिळून टाकणारा परवडला. तो निदान चुकीचं काही शिकवत नाही.

या नावांना अर्थ आहेत आणि ते शोधताही येतात. फक्त तीन प्रश्न वेगवेगळे विचारायला लागतात. हा शब्द हिब्रूत बनला कसा? मजकूर लिहिणाऱ्याने त्या नावाशी काय खेळ केला? आणि या यादीत ते नाव नेमकं काय काम करतंय? बहुतेक घोटाळे या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ताटात कालवल्यामुळे होतात. खाली जी पद्धत सांगतोय तिला हिब्रू येणं आवश्यक नाही. बावीस अक्षरं ओळखता आली की पुरे, आणि ती आठवड्याभरात येतात.

पायरी १: मराठी रूपावरून अर्थ काढू नका, आधी हिब्रू अक्षरं शोधा

मराठी भाषांतरात नाव येतं तेव्हा त्याची अर्धी ओळख पुसलेली असते. हिब्रूतली आलेफ आणि आयिन ही दोन वेगळी व्यंजनं. मराठीत दोन्ही ‘अ’मध्ये विरघळतात. हे आणि हेत या दोघांचा आपण ‘ह’ करतो. सामेख, सीन आणि त्सादे या तिघांनाही बहुतेक वेळा ‘स’ मिळतो.

यातलं त्सादे हे अक्षर मराठी माणसाला खरं तर फुकटात मिळालेलं आहे. आजच्या हिब्रूत त्याचा उच्चार चमचा, चाक, चांदणं यांतल्या ‘च’सारखा होतो. इंग्रजीला त्यासाठी दोन अक्षरं जोडावी लागतात, आपल्याला नाही. पण भाषांतरांत ते ‘स’ झालं आणि तसंच रुळलं. म्हणून तामारेचा मुलगा पेरेस हा हिब्रूत ‘पेरेच’ (चमच्यातला च), आणि याबेस हा ‘याबेच’च्या जवळचा. इंग्रजी वाचणाऱ्याला हीच नावं झेड लावून दिसतात, आणि मग खरा झेड असलेल्या जरुब्बाबेलशी त्यांची गल्लत होते. मराठी वाचकाला ती अडचण नाही. त्याची गल्लत होते ती ‘स’ आणि ‘स’ यांच्यात.

प्रत्यक्षात करायचं ते असं. शब्दाखाली शब्द देणारी हिब्रू आवृत्ती इंटरनेटवर फुकट मिळते. तिथे तुमचं वचन काढा, नावावर बोट ठेवा, आणि मूळ अक्षरं कागदावर उजवीकडून डावीकडे लिहून घ्या. प्रत्येक नावाला स्ट्राँगच्या शब्दसूचीतला क्रमांक असतो, तोही टिपा. त्या क्रमांकाखाली जो ‘अर्थ’ दिलेला असतो तो मात्र सध्या झाकून ठेवा. ती यादी १८९० सालची आहे. शब्द कुठेकुठे येतो हे शोधायला ती उत्तम, पण विशेषनामांचे अर्थ तिथे पुष्कळदा अंदाजाने लावलेले आहेत.

एक व्यावहारिक खाचखळगा: हिब्रू प्रतीत आणि आपल्या भाषांतरात वचनांचे आकडे सगळीकडे जुळत नाहीत. आपल्याकडचं १ इतिहास ६:२८ हिब्रूत ६:१३ असतं. नाव सापडत नसेल तर आधी हे तपासा.

पायरी २: नावाचे सांधे उकला

हिब्रू नाव हे पुष्कळदा एक छोटं वाक्य असतं. त्यात एक तुकडा देवाचा आणि दुसरा क्रियापदाचा किंवा विशेषणाचा. देवाचे तुकडे मोजके आहेत: ‘एल’ म्हणजे देव, ‘याह’ किंवा ‘याहू’ हे परमेश्वराच्या नावाचं आखूड रूप, जे नावाच्या सुरुवातीला आलं की ‘यहो’ किंवा ‘यो’ होतं, आणि क्वचित ‘शद्दय’ किंवा ‘सूर’ (खडक).

मराठी भाषांतरात शेवटचा ‘याह’ झिजून ‘या’ उरतो, म्हणून तो नजरेत भरत नाही. यशया, यिर्मया, नहेम्या, ओबद्या, जखऱ्या या सगळ्यांच्या शेपटीत परमेश्वराचं नाव आहे. ओबद्या म्हणजे परमेश्वराचा सेवक, आपल्या भगवानदाससारखं. नथन्या म्हणजे परमेश्वराने दिलं, दत्त किंवा देवदत्तच्या कुळातलं.

सांधे उकलता आले की लगेच एक फायदा होतो: एकच माणूस दोन नावांनी आला तर तो ओळखता येतो. आधी तुकडे कसे फिरतात ते पाहा: यो-एल आणि एली-या ही माणसं वेगळी, पण नावं तेच दोन तुकडे उलटसुलट लावून केली आहेत. दोन्हींचा अर्थ ‘परमेश्वर हाच देव’. २ राजे २३:३४ मध्ये मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो एल्याकीमला गादीवर बसवतो आणि त्याचं नाव यहोयाकीम ठेवतो. क्रियापद तेच, ‘उभं करील’; फक्त ‘एल’च्या जागी ‘यहो’ आलं. त्याच्या मुलाचा प्रकार तर आणखी मजेदार. तो कुठे यहोयाखीन, कुठे यखन्या, तर यिर्मयाच्या तोंडी नुसता कोन्या. ‘परमेश्वर स्थिर करील’ या एकाच वाक्याची ही तीन रूपं. मत्तय १:११ मधला यखन्या कोण, असा प्रश्न ज्याला पडतो त्याला हा सांधा दाखवला की पुरे.

‘अबी’, ‘अही’, ‘अम्मी’ यांनी सुरू होणारी नावं वाचताना मात्र थांबा. अबी म्हणजे माझा बाप, अही म्हणजे माझा भाऊ, अम्मी म्हणजे माझा भाऊबंद किंवा माझे लोक. अबीया म्हणजे ‘परमेश्वराचा बाप’ नव्हे. ‘परमेश्वर माझा बाप आहे’. इंग्रजीतून येणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं. ज्या भाषेत विठोबा आणि खंडोबा आहेत, देवाच्या नावाला ‘बा’ जोडून हाक मारायची सवय आहे, त्या भाषेतल्या वाचकाला ते सांगायची फारशी गरज पडू नये.

आणि हो, प्रत्येक ‘या’ म्हणजे याह नव्हे. याबेस आणि यारेद यांच्या सुरुवातीचा ‘या’ हा निव्वळ शब्दाचा भाग आहे. म्हणूनच पहिली पायरी आधी सांगितली.

पायरी ३: मजकूर स्वतः काय म्हणतो ते वेगळ्या रकान्यात लिहा

कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे व्याकरणाने निघणारा अर्थ. उजवीकडे मजकुराने सांगितलेला. हे दोन नेहमी जुळतीलच असं नाही, आणि न जुळणं ही चूकही नाही.

नोहा घ्या. व्याकरणाने तो ‘नूह’ धातूचा, म्हणजे विसावा. पण उत्पत्ती ५:२९ मध्ये त्याचा बाप म्हणतो की हा आमचं सांत्वन करील, आणि तिथे क्रियापद येतं ‘नहम’. धातू दुसरा, आवाज जवळचा. बापाला व्याकरण येत नव्हतं असं नव्हे. तो नावाचा नाद पकडून आशा बोलून दाखवतोय. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते तेव्हा शब्दकोश उघडून बसत नाही.

शमुवेलचं तर कोडंच आहे. त्याची आई हन्ना म्हणते, मी याला परमेश्वरापासून मागून घेतलं (१ शमुवेल १:२०). मागणं याचं हिब्रू क्रियापद ‘शाअल’. पण ‘शमुएल’ त्यातून निघत नाही. त्यात ‘शेम’, म्हणजे नाव, दिसतं. ‘शाअल’मधून सरळ निघणारं नाव आहे शौल, इस्राएलाच्या पहिल्या राजाचं. १:२८ मध्ये ती मुलाला परमेश्वराच्या स्वाधीन करते तिथे हिब्रूत अक्षरशः ‘तो शाऊल आहे’ असे शब्द आहेत. काही अभ्यासक म्हणतात, ही जन्मकथा मुळात शौलाची असावी. काही म्हणतात, लेखकाने मुद्दाम पुढच्या राजाची चाहूल दिली. मला दुसरं पटतं, कारण पुढचं अख्खं पुस्तक लोकांनी ‘मागून घेतलेल्या’ राजाबद्दलच आहे.

आता वंशावळीतला याबेस. १ इतिहास ४ मध्ये नावांचा पाऊस पडतोय, आणि नवव्या वचनात लेखक अचानक थबकतो. याबेसच्या बापाचं नाव नाही, भावांची नावं नाहीत. आई म्हणते, मी याला क्लेशाने प्रसवले. क्लेश म्हणजे ‘ओसेव’: आयिन, त्सादे, बेत. मुलाच्या नावात मात्र क्रम आहे आयिन, बेत, त्सादे. शेवटची दोन अक्षरं उलटी झालीत. कागदावर लिहून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, मराठीत तर अजिबातच नाही. दहाव्या वचनात तोच याबेस देवाकडे मागतो की माझी सीमा वाढव, अरिष्टापासून राख, म्हणजे मला क्लेश होणार नाही. आईने दिलेला शब्दच तो देवापुढे ठेवतो, आणि देव त्याचं ऐकतो.

या दोन वचनांवर जगभर प्रवचनांचा बाजार झाला आहे. बहुतेक प्रवचनं ‘सीमा वाढव’वर थांबतात. लेखकाचा जीव मात्र त्या उलटलेल्या दोन अक्षरांत आहे.

पायरी ४: माणूस आहे की गाव, ते विचारा

१ इतिहास २:५०-५१ वाचा: शोबाल हा किर्याथ-यारीमचा बाप, सल्मा हा बेथलेहेमचा बाप. बेथलेहेम हे कुणा मुलाचं नाव नाही, गाव आहे, ‘भाकरीचं घर’. इथे ‘बाप’ म्हणजे ते गाव वसवणारा, किंवा जिथून ते घराणं निघालं तो मूळपुरुष. म्हणजे वंशावळ चालता चालता जमिनीचा सातबारा होते: कोणतं घराणं कुठे बसलं, कुणाचं कुणाशी नातं लागतं.

उत्पत्ती १० मध्ये हे आणखी ठळक दिसतं. मिस्राईमच्या ‘मुलांची’ नावं ‘ईम’ने संपतात, आणि ते हिब्रूतलं अनेकवचन आहे. ती माणसं नव्हेत, जमाती आहेत. मिस्राईम स्वतः म्हणजे मिसर देश. कनानाचा थोरला मुलगा सीदोन हे समुद्रकाठचं शहर. हसर्मावेथ या नावाची फोड केली तर ‘मरणाचं अंगण’ निघतं, आणि त्यावर भयानक प्रवचन करायचा मोह होतो. पण ते आहे येमेनमधलं हद्रामौत! परक्या प्रदेशाचं नाव हिब्रू कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय.

याच यादीत याफेथाचा मुलगा यावान आहे. यावान म्हणजे आयोनियाचे, पर्यायाने ग्रीक लोक. तोच शब्द पूर्वेकडे येऊन संस्कृतात ‘यवन’ झाला आणि तिथून मराठीत आला, जिथे त्याचा रोख पुढे भलतीकडेच वळला. उत्पत्तीतल्या वंशावळीतलं एक नाव आपण बखरींत वाचत आलोय, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

१ इतिहास ४:२१-२३ सुद्धा चुकवू नका. तागाचं कापड विणणाऱ्यांची घराणी, राजाच्या कामावर असलेले कुंभार, आणि मध्येच लेखकाची टिप्पणी की या गोष्टी फार प्राचीन आहेत. नावांच्या गर्दीत असा धंद्याचा उल्लेख आला की तिथे पेन्सिलीने खूण करा. तसंच स्त्री आली की. ७:२४ मधली शेरा वरचं आणि खालचं बेथ-होरोन बांधते, आणि तिच्या नावाचं तिसरं गावही. २:३४-३५ मध्ये शेशानाला मुलगे नाहीत, म्हणून तो मुलगी यरहा नावाच्या मिसरी दासाला देतो आणि वंश तिच्यावरून पुढे चालतो. यादीचा ठेका जिथे मोडतो, तिथे लेखकाला काही सांगायचं असतं.

पायरी ५: तेच नाव दुसरीकडे कसं लिहिलंय ते पडताळा

सगळ्यांत जास्त हाती लागतं ते इथे, म्हणून घाई करू नका. १ इतिहासातली बरीच नावं उत्पत्ती, शमुवेल, राजे, एज्रा, नहेम्या यांत पुन्हा येतात. दोन रूपं शेजारी ठेवा.

शौलाच्या मुलाचं नाव २ शमुवेलात ईश-बोशेथ आहे. १ इतिहास ८:३३ मध्ये तोच एश्बाल आहे. योनाथानाचा लंगडा मुलगा तिकडे मफीबोशेथ, इकडे मरीब्बाल. गिदोनाचं दुसरं नाव यरूब्बाल. २ शमुवेल ११:२१ मध्ये ते यरूब्बेशेथ होतं. बाल हे कनानी देवाचं नाव, आणि बोशेथ म्हणजे लाज. नेहमीचं स्पष्टीकरण असं की पुढच्या नकलाकारांना राजघराण्यातल्या मुलाच्या नावात बाल सहन होईना, म्हणून त्यांनी तिथे ‘लाज’ बसवली. बोशेथचा संबंध अक्कादी भाषेतल्या मान-प्रतिष्ठा सांगणाऱ्या शब्दाशी जोडणारे अभ्यासकही आहेत. पण तिन्ही जागी नेमका बालच गायब होतो, तेव्हा मला पहिलंच जास्त पटतं.

मग शौलाने मुलाचं नाव परक्या देवावरून ठेवलं होतं का? घाईने हो म्हणू नका. ‘बाल’ हा साधा शब्दही आहे: मालक, धनी, नवरा. एके काळी परमेश्वरालाच ‘बाल’ म्हणत असावेत, याचा धागा होशेय २:१६ मध्ये आहे. तिथे परमेश्वर म्हणतो की इथून पुढे मला ‘माझा बाल’ म्हणू नकोस, ‘माझा नवरा’ म्हण. मराठीत ‘धनी’ या शब्दाचा जो दुहेरी उपयोग होतो, तसंच काहीसं.

या नावाला मातीतला पुरावाही मिळाला. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, एला खोऱ्याच्या काठी खिर्बेत केयाफा नावाची जुनी तटबंदीची जागा आहे. तिथे २०१२ मध्ये फुटलेल्या रांजणाचे तुकडे मिळाले. ते जोडल्यावर दिसलेला लेख २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं: एश्बाल, बेदाचा मुलगा. हा शौलाचा मुलगा नव्हे, बापाचं नावच वेगळं आहे. पण त्या काळात त्या भागात हे नाव चालत होतं एवढं नक्की झालं. म्हणजे रूक्ष म्हणून आपण वगळतो त्या १ इतिहासाच्या यादीने नाव मूळ रूपात जपलं होतं.

कधी कधी पडताळणीत असं निघतं की ‘नाव’ हे नावच नव्हतं. इंग्रजीच्या जुन्या किंग जेम्स भाषांतरात १ इतिहास ६:२८ ला शमुवेलचा थोरला मुलगा वश्नी आहे. हा वश्नी दुसरीकडे कुठेही सापडत नाही. १ शमुवेल ८:२ मध्ये थोरला योएल, दुसरा अबीया. आता हिब्रू पाहा: तीच अक्षरं ‘वशेनी’ अशी वाचली की अर्थ होतो ‘आणि दुसरा’. नक्कल करताना कुणाच्या हातून योएल गळला, आणि ‘आणि दुसरा’ हाच थोरला होऊन बसला. नव्या भाषांतरांनी योएल परत आणलाय. नावांच्या अर्थांच्या जुन्या यादीत ‘वश्नी: बलवान’ असलं काही दिसलं, तर ती यादी मिटून ठेवा.

पायरी ६: ओबडधोबड नावांना घाबरू नका

२ राजे २२ मध्ये मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं. योशीया राजाला ते वाचून दाखवणारा चिटणीस शाफान. शाफान म्हणजे खडकांच्या कपारीत राहणारा, सशाएवढा प्राणी. पुढे पुस्तकाबद्दल विचारायला राजा जी माणसं पाठवतो त्यांत एक अखबोर, म्हणजे उंदीर. ती माणसं जातात हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे, आणि हुल्दा म्हणजे बिळात राहणारा घुशीसारखा प्राणी. इस्राएलाच्या इतिहासातला एवढा गंभीर प्रसंग, आणि तो पार पाडतायत कपारीतलं जनावर, उंदीर आणि घूस.

हसू येतं, पण ही टिंगल नाही. राहेल मेंढी, दबोरा मधमाशी, योना पारवा. याजकांच्या पाळ्यांत १ इतिहास २४:१५ ला हेजीर आहे, म्हणजे डुक्कर, तेही याजकांत! बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेल्यांच्या यादीत एज्रा २:३ ला परोशाचे, म्हणजे पिसवेचे, २,१७२ वंशज. त्याच अध्यायात बकबूक आहे. मडक्यातून पाणी ओतताना होणाऱ्या आवाजावरून पडलेला हा शब्द, आजही हिब्रूत बाटलीला बकबूकच म्हणतात. लांडगे, कोल्हे, डुकरे, ढेकणे अशी आडनावं ज्या समाजात रोज हजेरीपटावर वाचली जातात, तिथे याचं नवल कशाला? आणि मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू ठेवणाऱ्यांना हेही कळेल की नावाचा अर्थ म्हणजे त्या माणसाची लायकी नव्हे.

शाफानाचा पुरावाही सापडला आहे. यरुशलेमच्या दावीदनगरात १९८२ मध्ये, जळून गेलेल्या एका घरात, चिकणमातीच्या मोहरांचा साठा मिळाला. आगीने कागदपत्रं गेली, माती भाजून पक्की झाली. त्यातल्या एकीवर ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या’ असं आहे. यिर्मया ३६:१० मध्ये ज्याच्या खोलीत यिर्मयाचा लेखनिक बारूख याने गुंडाळी वाचली, तो गमऱ्या.

पायरी ७: प्रत्येक नाव हिब्रू असेलच असं नाही

ही पायरी छोटी आहे. फोड करूनही काही निघत नसेल तर शेजारच्या भाषा आठवा. अहरोनाचा नातू फिनहास हे मिसरी नाव आहे, अर्थ ‘काळ्या वर्णाचा, नूबियाकडचा’. मोशेचंही मूळ मिसरीच मानतात. निर्गम २:१० मधलं ‘पाण्यातून काढला’ हे उजव्या रकान्यात जातं. १ इतिहास ३ मध्ये बंदिवासानंतरची दावीदाची पिढी येते, तिथे जरुब्बाबेल म्हणजे ‘बाबेलचं बीज’, आणि शेनस्सरच्या नावात तर बाबेलचा चंद्रदेव सिन बसलाय. पण लगेच खाली यूशब-हेसेद आहे, ‘दया परत येवो’, आणि एल्योवेनय, ‘माझे डोळे परमेश्वराकडे’. घर सुटलेल्या लोकांच्या दोन-तीन पिढ्या एका अध्यायात अशा दिसतात.

पायरी ८: नावांची माळ ओवण्याआधी

आता तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश. उत्पत्ती ५ मधली आदामापासून नोहापर्यंतची दहा नावं घ्यायची आणि अर्थ सलग वाचायचे: मनुष्याला नेमलेलं आहे मर्त्य दुःख, परंतु धन्य देव खाली येईल, शिकवण देत, त्याचा मृत्यू हताशांना विसावा आणेल. झाली सुवार्ता! वाचून अंगावर काटा येतो. माझ्याही आला होता. मग डावा रकाना भरायला बसलो.

आदाम, शेथ, अनोश ठीक आहेत. केनान म्हणजे दुःख? त्यासाठी तो ‘कीना’, विलापगीत, याच्याशी जोडावा लागतो. खरा जवळचा नातलग काइन, आणि त्या शब्दाचा संबंध लोहारकामाशी लावतात. महललेलमध्ये ‘हल्लेल’ आहे, म्हणजे स्तुती. ‘धन्य देव’ नव्हे, ‘देवाची स्तुती’. यारेद उतरण आणि हनोख दीक्षा किंवा शिकवण, हे चालेल. लामेखला तर हिब्रूत धडसा धातूच नाही. ‘हताश’ हा ओढूनताणून आणलेला.

सगळी माळ लटकलीय मथुशलहवर. ‘त्याचा मृत्यू आणेल’ असं वाचायला ‘मूत’, मरणे, हा धातू हवा: मेम, वाव, ताव. नावात आहे मेम, ताव, वाव. ‘मतू’, म्हणजे पुरुष. उत्पत्ती ४:१८ मधल्या मथुशाएलमध्येही तोच आहे. ‘शेलह’ म्हणजे फेकायचं शस्त्र. भालेकरी माणूस, एवढाच सरळ अर्थ.

यावर लोक आकडे काढतात. १८७ व्या वर्षी लामेख, लामेखाच्या १८२ व्या वर्षी नोहा, नोहाच्या ६०० व्या वर्षी जलप्रलय. बेरीज ९६९, म्हणजे मथुशलहाचं नेमकं वय. तो मेला त्याच वर्षी पूर आला. हे खरंच लक्षवेधी आहे आणि हिब्रू प्रतीच्या लेखकाने ते मुद्दाम जुळवलं असेलही. पण जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही हस्तलिखितांत १६७ आणि १८८ असे आकडे आहेत. त्या हिशेबाने मथुशलह पुरानंतरही १४ वर्षं जगतो, तारवात नसताना!

मी एक साधी चाचणी वापरतो. हीच युक्ती उत्पत्ती ४ मधल्या काइनाच्या वंशाला लावून पाहायची. तिथेही हनोख आहे, तिथेही लामेख आहे. एका यादीत हनोख ‘शिकवण देत’ असेल तर दुसरीतही असायला हवा. पण तिथून कुणी सुवार्ता काढत नाही, कारण ती निघत नाही. उत्तर आधी ठरलेलं होतं.

आणि तरी, नावांची माळ कधीच नसते असंही नाही. १ इतिहास २५:४ काढा. हेमान गायकाचे चौदा मुलगे. पहिली पाच नावं सरळ आहेत. मग येतात हनन्या, हनानी, अलियाथा, गिद्दल्ती, रोमम्ती-एजेर, याश्बकाशा, मल्लोथी, होथीर, महजियोथ. गिद्दल्ती म्हणजे ‘मी थोरवी गायिली’, रोमम्ती म्हणजे ‘मी उंचावलं’. मुलाला असं नाव कोण ठेवतं? बऱ्याच अभ्यासकांनी ही नऊ नावं सलग वाचून एक प्रार्थना काढली आहे, साधारण अशी: माझ्यावर कृपा कर, हे परमेश्वरा, कृपा कर, तूच माझा देव, मी तुझी थोरवी गायिली, तुझं साहाय्य उंचावलं, संकटात बसून मी बोललो, दर्शनं विपुल दे. उत्पत्ती ५ पेक्षा इथे फरक काय? क्रियापदं खरी हिब्रू क्रियापदं आहेत, स्तोत्रांची भाषा आहे, आणि घराणं गायकांचं आहे. शिवाय पुढे २३ ते ३१ वचनांत हीच नावं पाळ्यांच्या चिठ्ठ्यांत येतात, म्हणजे लेखक त्यांना माणसं म्हणूनही धरतो. मुलांना गाण्यांच्या पहिल्या शब्दांनी हाक मारत असतील का? गवयाच्या घरात अशक्य नाही.

आपल्या किनाऱ्यावर

हिब्रूची ही खटपट मराठीला नवी नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांच्या डोळ्यांसमोर होते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं.

पण सरावासाठी एक नाव देतो, जे शास्त्रात नाही. मुंबईतलं सगळ्यांत जुनं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर), शार हरहमीम, म्हणजे दयेचं द्वार, १७९६ मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. वरच्या पायऱ्या लावा. सामाजी म्हणजे शमुवेल. हसाजी म्हणजे यहेज्केल, ‘देव बळ देतो’. मधलं नाव बापाचं, म्हणजे हिब्रूतला ‘बेन’ मराठी रिवाजाने आपोआप आला. दिवेकर म्हणजे दिवेआगरचे. सल्मा जसा बेथलेहेमचा, तसे हे. इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, एलियाचा एलोजी असाच झाला. शमुवेल आणि यहेज्केल या दोन्ही नावांच्या शेवटी ‘एल’ होता. तेल गाळणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या या लोकांच्या तोंडी तो ‘एल’ झिजून गेला, आणि त्या जागी ‘जी’ आला.